प्रेमकथेत शेवटी कुणालातरी मारलंच पाहिजे का? शोकांत शेवट तुम्हाला पटतात का?

शमिका_र
एक दोन अंकी नाटक लिहिते आहे. निनाद आणि कालिंदी, दोघंही चाळिशीतले. पहिल्या अंकात त्यांचं फाटतं. दुसऱ्या अंकात बऱ्याच वर्षांनी फोनवर पुन्हा बोलणं सुरू होतं, हळूहळू गाठी सुटतात. शेवटच्या प्रवेशात तो तिच्याकडे यायला निघतो. रात्र, पाऊस, गाडी. ती दार उघडं टाकून वाट बघते आणि तो येण्याऐवजी फोन येतो. पडदा.

ग्रुपमध्ये वाचन केलं. अर्ध्यांचे डोळे भरून आले. उरलेले म्हणाले, "मारायचं म्हणून मारलंय." दोन्हीकडची मंडळी जाणकार आहेत, त्यामुळे कुणाचं उडवून लावता येत नाही.

माझा प्रश्न असा, की शोकांत शेवट कधी पटतो आणि कधी लेखकाने ओढूनताणून आणलेला वाटतो? अपघात तर रोजच्या पेपरात असतात. मग रंगमंचावरचाच तेवढा खोटा का वाटावा?

इत्यादी
रुमाल टाकून ठेवतो. रंगणार हा धागा.

खवचट_खापरपणजोबा
लेखकाला शेवट सुचेनासा झाला की समोरून ट्रक येतो. आजवरच्या नाटक-सिनेमांत ट्रकवाल्यांनी इतके नायक मारलेत की त्यांच्या संघटनेने एकदा निषेध मोर्चा काढायला हरकत नाही.

नेपथ्य
शमिका, तुमच्या शेवटच्या वाक्यातल्या प्रश्नावर अ‍ॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रात जे म्हटलंय ते आजही लागू पडतं. शक्य असून न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य असून पटणारी गोष्ट घ्यावी, असं तो सांगतो. आयुष्याला कुणाला काही पटवून द्यायचं नसतं. ते घडतं आणि मोकळं होतं. नाटकाला ती मुभा नाही.

पण अपघाताला त्याची मनाई आहे असं नाही. त्याने एक मासलेवाईक उदाहरण दिलंय. आर्गॉसमध्ये मिटिस नावाच्या माणसाचा पुतळा होता. मिटिसचा खून करणारा तो पुतळा बघत उभा असताना पुतळा त्याच्याच अंगावर कोसळला आणि तो मेला. निव्वळ योगायोग, पण ऐकणाऱ्याला वाटतं की यामागे काहीतरी आहे. असा अपघात चालतो. ट्रकमागे काही नसतं म्हणून तो सलतो.

'रोमिओ अँड ज्युलिएट'च घ्या. सगळा घोळ एका न पोचलेल्या पत्रामुळे. पत्र का पोचत नाही? तर ते नेणारा पाद्री प्लेगच्या संशयावरून सील केलेल्या घरात अडकतो. याहून तकलादू कारण सापडणं कठीण. तरी आपण कुरकुरत नाही, कारण त्या नाटकात प्रत्येकालाच घाई आहे. प्रेमाची, लग्नाची, तलवार उपसण्याची. ज्या जुन्या काव्यावरून शेक्सपिअरने ते घेतलं (आर्थर ब्रुक, १५६२) त्यात हीच गोष्ट महिनोन्महिने चालते. शेक्सपिअरने ती जेमतेम चार-पाच दिवसांत कोंबली. इतक्या घाईत काहीतरी चुकणारच होतं. पत्र चुकलं, एवढंच. शिवाय दोघं मरणार हे सुरुवातीलाच सांगून टाकलंय, त्यामुळे आपण 'कसं' एवढंच बघत बसतो.

वेंधळी
शेवट माहीत असूनही मला दर वेळी वाटतं, या खेपेला पत्र पोचेल.

चिकित्सक_चिमणी
नेपथ्य, "आपण कुरकुरत नाही" याला जोरदार आक्षेप. लोक भरपूर कुरकुरले होते. सतराव्या शतकात लंडनमध्ये जेम्स हॉवर्ड नावाच्या गृहस्थाने दोघांना जिवंत ठेवणारी आवृत्ती केली होती. नाटक कंपनीतल्या जॉन डाउन्सने १७०८ साली छापलेल्या आठवणींत नोंद आहे की एक दिवस मरणाऱ्यांचा खेळ आणि दुसऱ्या दिवशी जगणाऱ्यांचा, असे आलटून पालटून प्रयोग व्हायचे. पुढे गॅरिक या नटाने १७४८ मध्ये ज्युलिएटला रोमिओचा जीव जायच्या आधीच जागं केलं, म्हणजे थडग्यात दोघांना निरोपाचं बोलता यावं.

आणि 'किंग लिअर'! नेहम टेटने १६८१ मध्ये त्याचा शेवट गोड केला. मूळ नाटकात मरणारी लिअरची मुलगी कॉर्डेलिया इथे वाचते, वर तिचं एडगरशी जमतंही. इंग्रज प्रेक्षक जवळजवळ दीडशे वर्षं रंगमंचावर मुख्यतः हाच लिअर बघत होते. १८३८ मध्ये मॅक्रेडी या नटाने मूळ नाटक बऱ्याच अंशी परत आणलं. म्हणजे आज आपण ज्याला 'अटळ' म्हणतो तो शेवट कित्येक पिढ्यांना सोसत नव्हता. पटणं-न पटणं निम्मं संहितेत असतं आणि निम्मं त्या काळच्या खुर्च्यांत.

इत्यादी
>> एक दिवस मरणाऱ्यांचा खेळ आणि दुसऱ्या दिवशी जगणाऱ्यांचा
तिकीट खिडकीवर: "आज मरतायत का हो? मग उद्याची द्या दोन."

खवचट_खापरपणजोबा
आणि नवरा-बायकोत त्यावरून भांडण झालं तर एक आजचं, एक उद्याचं.

डॉ_सावळा
चिमणीताईंच्या 'त्या काळच्या खुर्च्या' या मुद्द्याला वैद्यकीय जोड देतो.

एकोणिसाव्या शतकातल्या नायिका क्षयाने मरायच्या. 'ला त्राव्हियाता' (१८५३) हा ऑपेरा, म्हणजे गायलं जाणारं नाटक, हे ठळक उदाहरण. आज आपल्याला ते सोयीचं वाटतं, पण तेव्हा युरोपात क्षय हे मृत्यूच्या सर्वांत मोठ्या कारणांपैकी होतं. प्रेक्षकांतल्या कित्येकांनी तो खोकला स्वतःच्या घरात ऐकलेला होता. त्यांना पटवायला लेखकाला काही करावंच लागत नव्हतं. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला, १९४० च्या दशकात त्यावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं आणि लेखकांच्या हातून एक हुकमी आजार गेला. मग रक्ताचा कर्करोग आला. देखणा आजार, चेहरा बिघडवत नाही, असा लेखकांचा समज. प्रत्यक्षात काय होतं ते वॉर्डात येऊन बघा. आता लहान मुलांमधल्या नेहमीच्या प्रकारात उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात, त्यामुळे तेही नाणं हळूहळू चालेनासं होतंय.

राहिलं 'प्रेमभंगाने छाती फुटून मरणं'. जबर मानसिक धक्क्याने हृदयाचा एक भाग तात्पुरता लुळा पडतो, हे खरं आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास त्याचं वर्णन केलं. पण तो प्रामुख्याने पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये दिसतो आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सावरतात. पंचविशीचा नायक विरहाने कोसळला तर मी आधी दुसरं कारण शोधेन. जोडीदार गेल्यावर पुढच्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याचा मृत्यूचा धोका वाढतो, हे मात्र अनेक पाहण्यांत आढळलंय. म्हाताऱ्या जोडप्याच्या गोष्टीत पाठोपाठ मरण आलं तर मी भुवई उंचावणार नाही.

खवचट_खापरपणजोबा
डॉक्टर, फुफ्फुसं निकामी झालेली बाई शेवटी अख्खं गाणं म्हणते, त्याचं काय?

डॉ_सावळा
त्या अवस्थेत एक वाक्य सलग होत नाही. पण ती गाते तेव्हा मी रडतो. दर वेळी.

नेपथ्य
घ्या. अशक्य आणि पटणारं. डॉक्टरांनीच साक्ष दिली.

जुनाखेळाडू
सगळे ग्रीस-इंग्लंड फिरून आले, आता जरा घरी या.

रंगमंचावर मृत्यू दाखवू नये हा संस्कृत नाटकाचा संकेत. भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन मंचावर मरतो तो अपवाद. प्रेमकथेच्या बाबतीत तर आपल्याकडे लेखक मूळ कथा बदलून शेवट सांधत आले. भवभूतीने 'उत्तररामचरिता'त राम-सीतेची पुन्हा भेट घडवली, रामायणात ती भूमीत जाते तरी. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली. महाभारतात यातलं काही नाही, तिथे दुष्यंत ओळखत असूनही भर दरबारात शकुंतलेला नाकारतो. आता यातलं जास्त पटणारं कोणतं? मला विचाराल तर महाभारतातलं. पण रडू येतं ते कालिदासाचं वाचताना.

शमिका, तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरताने विप्रलंभ शृंगार (विरहातलं प्रेम) आणि करुण यांत भेद केलाय. विरहात भेटीची अपेक्षा शिल्लक असते, करुणात ती संपलेली असते. बाहेरून दोन्हीकडे रडणंच, पण आतून दोन वेगळ्या अवस्था. तुमचं नाटक शेवटच्या पानापर्यंत पहिल्या अवस्थेत आहे आणि शेवटच्या ओळीत दुसरीत उडी मारतं. प्रेक्षकाला दुःख करायला अवधीच नाही. तो दचकतो, आणि दचकलेला माणूस घरी जाताना चिडतो.

वेंधळी
"दचकलेला माणूस चिडतो" याला +१. माझं अगदी असंच होतं.

मावळती
सगळे मरणाबद्दलच बोलताय. माझ्या मते प्रेमकथेतलं मरण ही लेखकाने शोधलेली सुटका आहे. मेलेल्या माणसाबरोबर पुढची वीस वर्षं काढावी लागत नाहीत. तो कायम तसाच राहतो, गोड बोलणारा, पावसात निघालेला.

माझं स्वतःचं एक प्रेम असंच संपलं. कुणी मेलं नाही, कुणी फसवलं नाही, घरच्यांचा विरोध नव्हता. दोघांनाही एकमेकांना फोन करायचा कंटाळा येऊ लागला, आणि आला हे दोघांनीही सांगितलं नाही. याच्यावर कुणी नाटक लिहिलं तर मी पहिल्या प्रयोगाला जाईन. पण ते लिहायला अवघड आहे, कारण त्यात रडायची जागा सापडत नाही.

बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकात कुणी मरत नाही, फुलं विकणारी एलायझा तिला शिकवणाऱ्या हिगिन्सला सोडून फक्त निघून जाते. तेवढंही लोकांना सहन झालं नाही. १९१४ च्या लंडनच्या प्रयोगांत हिगिन्स करणाऱ्या बीरबोम ट्री यांनी शेवटी तिच्याकडे फुलं फेकायला सुरुवात केली, म्हणजे पुढे जमेल असं वाटावं. शॉ इतका भडकला की त्याने पुढे १९१६ मध्ये, तिचं लग्न दुसऱ्याशीच कसं होतं, हे सांगणारा मोठा मजकूर नाटकाच्या मागे जोडला.

इत्यादी
लेखकाने नटाला हरवण्यासाठी परिशिष्ट लिहिणं! आवडलं.

रातपाळी
'सैराट'चं (२०१६) नाव अजून कुणी घेतलं नाही याचं नवल वाटतंय.

तिथला शेवट मला ओढून आणलेला वाटला नाही, आणि त्याचं कारण मी बरेच दिवस शोधत होतो. उत्तरार्धात ती दोघं नुसती जगतात. काम शोधणं, संशय, भांडण, परत येणं, मूल. आपल्याला वाटतं धोका टळला. खरं तर काहीच टळलेलं नसतं. ज्या कारणासाठी ती पळाली ते कारण तिकडे जसंच्या तसं बसून असतं, आपणच त्याच्याकडे बघायचं सोडून दिलेलं असतं. आणि शेवटी आवाज काढून घेतलाय. ज्या सिनेमाच्या गाण्यांवर लोक थिएटरात नाचले, त्याचाच शेवट मुका.

हिंदी अवतारात ('धडक', २०१८) कोण वाचतं तेच बदललं. मराठीत दोघंही जातात आणि छोटं मूल उरतं. हिंदीत ती उरते, नवरा आणि मूल जातात. कागदावर दोन्ही सारखेच क्रूर. पण दुसऱ्यात मला धक्क्याची आखणी दिसली. पहिल्यात मला फक्त ते मूल दिसलं.

वेंधळी
स्पॉइलर!!! मी पाहिला नव्हता!

खवचट_खापरपणजोबा
वेंधळीताई, तुम्ही तर रोमिओचं पत्रही अजून पोचेल म्हणताय. तुम्हाला स्पॉइलरने काय फरक पडतो?

इत्यादी
अवांतर, पण विचारतोच. 'टायटॅनिक'मधल्या त्या फळीवर दोघं मावली असती की नाही?

डॉ_सावळा
मावण्याचा प्रश्न नाही, तरंगण्याचा आहे. दोघांच्या वजनाने फळी पाण्याखाली गेली असती तर दोघंही गेली असती. पाणी शून्याच्याही खाली, उणे दोनच्या आसपास. त्यात काही मिनिटांत हात कामातून जातात.

इत्यादी
पण आळीपाळीने?

चिकित्सक_चिमणी
दिग्दर्शक कॅमेरॉनने २०२३ मध्ये स्टंट कलाकारांना गार पाण्यात उतरवून याच्या चाचण्या घेतल्या. काही परिस्थितींत नायक जॅक कदाचित वाचू शकला असता इथपर्यंत कॅमेरॉन आला. तरी त्याचं म्हणणं बदललं नाही, गोष्टीसाठी त्या पात्राला मरणं भाग होतं.

रंगपटू
इतके दिवस वाचनमात्र होतो, या फळीमुळे लिहितो आहे. मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं मंचव्यवस्था सांभाळतो. जी वस्तू दिसते तिचा हिशोब प्रेक्षक मागतात. फळी मोठी दिसली, म्हणून पंचवीस वर्षं लोक क्षेत्रफळ मोजत बसले. ती अर्ध्या आकाराची केली असती तर वादच झाला नसता. बऱ्याचदा लोकांना मरण खटकत नाही, मरणाच्या शेजारी पडलेला उपाय खटकतो.

शमिकाताई, म्हणून विचारतो. तुमच्या कालिंदीच्या हातात फोन आहे. निनादच्या खिशातही आहे. पाऊस लागलाय हे तिला खिडकीतून दिसतंय. मग "उद्या सकाळी निघ" असं ती का म्हणत नाही? मी प्रेक्षकांत असतो तर हेच विचारलं असतं.

शमिका_र
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. जुनाखेळाडू, तुमची पोस्ट कागदावर उतरवून घेतली.

रंगपटू, तो स्वतःच म्हणतो, "उद्या येतो." तीच म्हणते, "आत्ता ये. उद्या माझा धीर राहणार नाही." पहिल्या अंकात तिने असंच एकदा "उद्या बोलू" म्हटलेलं असतं आणि तो उद्या कधी आलाच नाही.

नेपथ्य
अहो, हे इतक्या उशिरा सांगताय? मग हा अपघात राहिलाच नाही! मिटिसचा पुतळा तुमच्याकडे आयता उभा आहे. पहिल्या अंकात "उद्या"ने घात केला म्हणून ती या वेळी "आत्ता" म्हणते आणि तेच भोवतं. या वाक्यावर प्रकाश पडू दे. माझी खात्री आहे, वाचनात ते घाईत निघून गेलं असणार.

मावळती
थांबा जरा. म्हणजे तिने बोलावलं म्हणून तो मेला? बाईच्या हट्टापायी पुरुषाचा जीव गेला, हे आपण किती काळ ऐकत आलोय! आणि ती पुढे आयुष्यभर स्वतःला दोष देत बसणार. हे 'अटळ' नाही, सवयीचं आहे.

नेपथ्य
दोष आणि कारण यांत फरक आहे, मावळती. तिची चूक आहे असं नाटक म्हणत नाही. ती बरोबरच वागते, तरीही. शोकांतिकेला बरोबर वागणारी माणसंच लागतात, नाहीतर ती शिक्षा होते.

मावळती
नाटक म्हणत नसेल, पण प्रयोगानंतर बाहेर पडणारे काका म्हणतील.

रातपाळी
मावळतींशी सहमत आणि तरीही नेपथ्य यांचं वाक्य चोरून ठेवलंय.

चिकित्सक_चिमणी
मग त्यालाही काहीतरी करू द्या की. तिने नुसतं बोलवायचं आणि त्याने नुसतं मरायचं, यात निनाद पार्सलसारखा वाटतो. तो का निघतो? तिच्यासाठी, की आपण या वेळी कच खाल्ली नाही हे स्वतःला दाखवायला? हे कळलं तर निर्णय दोघांचा होईल. नाहीतर माझा कौल सरळ आहे. मरण काढून टाका, दार उघडं ठेवा, पडदा पाडा.

खवचट_खापरपणजोबा
म्हणजे नाटक संपलं की लाईट गेले, हे प्रेक्षकांना कळायचं नाही.

जुनाखेळाडू
एक सुचवतो. फोन शेवटच्या ओळीत नको, चार-पाच पानं आधी येऊ दे. आणि तिला नको, दुसऱ्या कुणाला येऊ दे. प्रेक्षकांना कळलंय आणि तिला नाही, या अवस्थेत तिला मंचावर वावरू दे. मग अपेक्षा तिच्याकडे आणि करुण आमच्याकडे, दोन्ही एकाच वेळी.

वेंधळी
अहो नको ना! असं केलंत तर मी पहिल्या रांगेतून उठून तिला सांगेन.

शमिका_र
हे डोक्यात बसलं. तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या अंकात आहेच, आतल्या खोलीत झोपलेला. फोन त्याने उचलायचा. तेवढ्यात ती बाहेरून "कोण होतं रे?" विचारणार.

मावळती, तुमचा आक्षेप मात्र यानेही सुटत नाही, मला कळतंय. "आत्ता ये" हे वाक्य मी काढणार नाही, त्याच्याशिवाय ती कालिंदीच राहत नाही. चिमणी म्हणतात तसं निनादचं निघणं त्याच्या बाजूने लिहून बघते.

मावळती
काढू नका. पण मग पडदाही लवकर पाडू नका. फोननंतर ती काय करते ते दाखवा. पुरुष मेला की नाटक संपलं, असं होऊ देऊ नका. तिचं पुढचं एक पान तरी लिहा, रडण्याशिवायचं.

शमिका_र
एक पान अवघड आहे, पण बघते.

रंगपटू
दोन व्यावहारिक गोष्टी. फोनची रिंग मंचावरच्या फोनमधूनच वाजू द्या, स्पीकरवरून आली की लोक आपापले खिसे चाचपतात आणि प्रसंग गेला. आणि पाऊस सतत लावू नका, संवाद बुडतात. भाऊ फोन ठेवतो तेव्हा तो पूर्ण थांबला तरी चालेल.

इत्यादी
भाऊ "कोण होतं रे?"ला काय उत्तर देतो?

शमिका_र
"राँग नंबर." आत्ताच सुचलं. राहील की नाही माहीत नाही.

डॉ_सावळा
राहू द्या.